विरारच्या पुढची स्टेशनं

मुंबई क्रिकेटची हद्द कुठे संपते, असं शिवाजी पार्कच्या एखाद्या जुन्या जाणत्याला विचारलं तर तो माहीमच्या खाडीकडे बोट दाखवील आणि फार तर वांद्र्याला मोठ्या मनाने आत घेईल. कागदावरची हद्द मात्र बरीच लांब आहे. पश्चिम रेल्वेच्या बाजूने मुंबई क्रिकेट असोसिएशनचा इलाखा डहाणूपर्यंत जातो. म्हणजे डहाणूचा एखादा मुलगा चांगला खेळायला लागला, तर त्याची वाट पुण्याच्या महाराष्ट्र संघाकडे जात नाही. त्याला दार ठोठावावं लागतं ते मुंबईचं, रणजी करंडक ४२ वेळा जिंकलेल्या संघाचं. दादर, वांद्रे, बोरिवलीची जी मुलं शाळा सुटल्यावर चालत नेटवर पोहोचतात, त्यांच्याशी त्याची थेट स्पर्धा. ही हद्द आखणाऱ्यांनी डहाणूवर उपकार केला की अन्याय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

डहाणू-तलासरीच्या मुलांनी वाचावं म्हणून लिहिलेल्या शार्दूल ठाकूरच्या या चरित्राला प्रस्तावना लिहिताना हा प्रश्न टाळून चालणार नाही. शार्दूल डहाणूचा नव्हे, पालघरचा. डहाणू रोडहून चर्चगेटच्या दिशेने निघालं की वाणगाव, बोईसर, उमरोळी आणि मग पालघर. त्याचा जन्म १६ ऑक्टोबर १९९१चा. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला, आणि तोवर शार्दूलला मुंबईकडून रणजी खेळायला लागून दीड वर्षाहून जास्त काळ झाला होता. जिल्ह्याचा पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटू जिल्ह्याच्या आधी घडत होता म्हणायचा.

मुंबईच्या क्रिकेटचा मुक्काम गेल्या काही दशकांत उत्तरेकडे सरकत गेला, हे या गोष्टीमागचं मोठं चित्र. गावसकर ताडदेवच्या चिखलवाडीतले, वेंगसरकर दादरच्या हिंदू कॉलनीतले. सचिन वांद्र्याच्या साहित्य सहवासातला, पण शारदाश्रम शाळेत गेल्यावर त्याला शिवाजी पार्कजवळ काकांकडे राहायला जावं लागलं, कारण वांद्र्याहून रोज येणंजाणंसुद्धा त्याच्या सरावाला परवडत नव्हतं. पुढची पिढी आणखी लांबची. अजिंक्य रहाणे डोंबिवलीहून लोकलने यायचा. रोहित शर्मा बोरिवलीचा. पृथ्वी शॉ विरारचा. जुन्या मुंबईत जागा महागल्या, मध्यमवर्ग उपनगरांत गेला आणि क्रिकेट त्याच्या मागोमाग गाडीत बसलं. मैदानं मात्र जागची हलली नाहीत. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, वानखेडे, सगळं दक्षिणेच्या टोकाला. मुलं जितकी उत्तरेकडे गेली तितका त्यांचा प्रवास वाढला.

शार्दूलच्या लहानपणी तर विरारच्या पुढे लोकलच नव्हती. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, विरार ते डहाणू रोड आणखी ६४. या दुसऱ्या टप्प्यात शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवरच भिस्त. डहाणूपर्यंत लोकल धावायला लागली एप्रिल २०१३मध्ये. चर्चगेटपासून पालघर सुमारे ९० किलोमीटर. पहाटे अंधारात उठायचं, किटबॅग खांद्यावर टाकायची, गर्दीच्या डब्यात ती बॅग आणि स्वतःला कुठेतरी कोंबायचं आणि दोन-अडीच तासांनी उतरून लगेच धावत येऊन चेंडू टाकायचा. संध्याकाळी तेच उलट. किटबॅग घेऊन गाडीत चढणाऱ्याकडे बाकीचे प्रवासी कोणत्या नजरेने बघतात, हे या मार्गावर रोज जाणाऱ्या कोणालाही विचारा. वेगवान गोलंदाजाच्या पाठीचं आणि पायांचं त्या प्रवासात काय होत असेल, याचा हिशेब कुठल्याच धावफलकावर मांडलेला नसतो.

इथवर आलं की चरित्रकाराला एक मोह होतो. शेतकरी घरातला मुलगा, पहाटेची गाडी, जिद्द, कष्ट आणि मग भारताची टोपी. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट इतक्या वेळा छापली आहे की ती खोटी नसूनही खोटी वाटायला लागली आहे. या पुस्तकाच्या लेखकाने हा मोह बराचसा आवरला आहे. त्याने शार्दूलच्या आयुष्यातला एक निर्णय नीट उलगडून दाखवला आहे, आणि गंमत म्हणजे तो निर्णय शार्दूलचा नव्हताच. तो होता प्रशिक्षक दिनेश लाड यांचा.

बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलचे क्रिकेट प्रशिक्षक लाड यांनी बोईसरच्या शाळेकडून खेळणारा हा मुलगा प्रतिस्पर्धी म्हणून पाहिला आणि आपल्या शाळेत यायला सांगितलं. घरच्यांची अडचण साधी होती: पालघरहून रोज बोरिवलीला शाळेला जायचं कसं? दहावी तोंडावर आलेली. लाड यांनी त्याला आपल्या घरी राहायला नेलं. याच लाड यांनी काही वर्षांपूर्वी रोहित शर्माला शाळेत आणून त्याची फी माफ करून घेतली होती. पुढे २०२२मध्ये त्यांना जीवनगौरव विभागात द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. शार्दूलने त्या शाळेकडून हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत खेळताना एका षटकात सहा षटकार मारले आणि मैदानांवर त्याचं नाव झालं.

लाड यांच्या घरातल्या त्या जागेबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण डहाणू-तलासरीच्या वाचकाला पुस्तकातला हाच भाग सर्वांत जवळचा वाटेल, आणि बोचेलही. प्रवास संपला म्हणून शार्दूल तिथे खेळाडू झाला. सकाळी सराव, मग शाळा, परत सराव आणि रात्री पुरेशी झोप. जिद्द त्याच्याकडे पालघरलाही होती. जिद्दीला झोप लागते, दूध-अंडी लागतात, टर्फ विकेट लागते आणि रोज नजर ठेवणारा एक माणूस लागतो. यातलं पालघरला जे कमी होतं ते डहाणूला आणखी कमी आहे, आणि तलासरीला त्याहून कमी.

तलासरी गावातून महामार्ग जातो, मुंबईकडे धावणारे ट्रक दिवसरात्र दिसतात, पण रेल्वे गाठायला एसटी नाहीतर जीप धरून डहाणू रोड किंवा उंबरगावकडे जावं लागतं. तालुका जवळजवळ सगळा आदिवासी: वारली, धोडिया, कोकणा, दुबळा. याच तालुक्यातल्या झरीला १९४५मध्ये वारल्यांनी परिषद घेऊन जमीनदारांच्या वेठबिगारीला नकार दिला. गोदावरी परुळेकरांमुळे तो लढा महाराष्ट्राला ठाऊक आहे. आज इथल्या आश्रमशाळांच्या मैदानांवर कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या शर्यतींत जी मुलं दिसतात, त्यांचे खांदे आणि पाय पाहून कुठलाही वेगवान गोलंदाजीचा प्रशिक्षक क्षणभर थांबेल. क्रिकेटही भरपूर चालतं. भात कापून शेतं मोकळी झाली की टेनिस बॉलच्या स्पर्धा, बोर्डी-नरपड-चिंचणीच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या ओल्या वाळूत सामने. पण टेनिस बॉल आणि सीझन बॉल हे दोन वेगळे खेळ आहेत. टेनिस बॉलला शिवण नसते, म्हणून मनगट सरळ ठेवून शिवण टप्प्यावर आपटायची विद्या त्यावर शिकता येत नाही. शार्दूलचे बळी याच विद्येवर आले आहेत.

आणखी एक गोष्ट शहरातल्या क्रिकेटवाल्यांच्या ध्यानात येत नाही. मुंबईत शालेय क्रिकेटचा हंगाम भरात येतो तो दिवाळीनंतर. इकडची कितीतरी आदिवासी कुटुंबं त्याच सुमाराला मुलाबाळांसह वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर, रेतीच्या आणि बांधकामाच्या कामांवर जगायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या महिन्यांत निवड चाचणी असते त्या महिन्यांत मुलगा गावातच नसतो. तेव्हा शार्दूल करू शकला, मग तुम्ही का नाही, असं या मुलांना विचारायचा हक्क मला तरी वाटत नाही, आणि या पुस्तकाने तो प्रश्न विचारलेला नाही याचा मला आनंद आहे.

मग हे चरित्र त्यांनी का वाचावं? माझं उत्तर असं की व्यावसायिक आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटू म्हणजे रोज काय असतो, हे त्यातून खरंखुरं कळतं. आपल्याकडे क्रिकेटपटूंची चरित्रं देवांची असतात. सचिनची, धोनीची, विराटची. त्यातून वाचकाला आरती शिकायला मिळते, पण धंदा कळत नाही. शार्दूल देवांतला नाही. उंची बेताची, वेग ताशी १३०-१३५च्या आसपास, फलंदाजी सातव्या-आठव्या क्रमांकाची. सात वर्षांत १३ कसोटी सामने. या माणसाची संघातली जागा कधीच पक्की नव्हती, आणि तरीही भारताच्या दोन-तीन मोठ्या विजयांतून त्याचं नाव काढता येत नाही.

सुरुवातच बघा. नोव्हेंबर २०१२मध्ये राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पण झालं आणि पहिल्या काही सामन्यांत बळी फारच महाग पडले. वजन जास्त होतं. सचिन तेंडुलकरने ते उतरवायचा सल्ला दिला आणि याने तो मानला. २०१४-१५च्या हंगामात ४८ बळी. पुढच्या वर्षी पुण्यात सौराष्ट्राविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात ५ बळी, आणि मुंबईचं ४१वं विजेतेपद. ऑगस्ट २०१७मध्ये श्रीलंकेत एकदिवसीय पदार्पण झालं ते १० क्रमांकाची जर्सी घालून. सचिनचा क्रमांक घातला म्हणून समाजमाध्यमांवर लोक तुटून पडले. पुढे त्याने ५४ क्रमांक घेतला. या प्रकरणाला पुस्तकात जेवढी पानं दिली आहेत तेवढी देण्याची गरज नव्हती असं माझं मत. क्रिकेटचं त्यात काही नाही.

कसोटी पदार्पणाची कथा मात्र पानभर वाचण्यासारखी आहे. १२ ऑक्टोबर २०१८, हैदराबाद, समोर वेस्ट इंडीज. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो दिवस, आणि १० चेंडू टाकल्यावर जांघेचा स्नायू दुखावून तो मैदानाबाहेर. दुसरी कसोटी मिळायला सव्वादोन वर्षं लागली. ती मिळाली तीही बुमराह, शमी, उमेश, अश्विन, जडेजा असे एकेक जण जायबंदी होऊन बाद झाल्यावर. ब्रिस्बेनच्या गॅबावर, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८पासून कसोटी हरली नव्हती.

१७ जानेवारी २०२१ला भारताच्या पहिल्या डावात ६ बाद १८६ अशी अवस्था असताना शार्दूल खेळायला आला. ऑस्ट्रेलियाच्या ३६९ धावा अजून खूप दूर. त्याची पहिली धाव नव्हेच, पहिला फटका: कमिन्सच्या आखूड चेंडूवर हूक, सरळ षटकार. मग वॉशिंग्टन सुंदर आणि तो, दोघांनी मिळून १२३ धावांची भागी केली. शार्दूलच्या ६७ धावा. त्याचा कव्हर ड्राइव्ह पाहून ऑस्ट्रेलियन समालोचकांना धक्का बसला असेल, पण हॅरिस शील्ड आठवणाऱ्यांना बसायचं कारण नव्हतं. हा मुलगा मुळात फलंदाज म्हणूनही मोजला गेलेला होता. गोलंदाजीत पहिल्या डावात ३, दुसऱ्या डावात ४ बळी. दोन दिवसांनी ३२८ धावांचं लक्ष्य गाठून भारताने सामना आणि मालिका जिंकली. त्या संघाचा कर्णधार डोंबिवलीचा रहाणे, सलामीला बोरिवलीचा रोहित आणि आठव्या क्रमांकावर पालघरचा शार्दूल. मुलीच्या जन्मासाठी मायदेशी परतलेल्या विराट कोहलीने त्या ६७ धावांनंतर कौतुक केलं ते चक्क मराठीत: "तुला परत मानला रे ठाकूर." "परत" का, तर डिसेंबर २०१९मध्ये कटकला वेस्ट इंडीजविरुद्ध ६ चेंडूंत नाबाद १७ करून शार्दूलने सामना काढला होता, तेव्हा पहिल्यांदा मानून झालं होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनच्या ओव्हलवर भारत १९१ धावांत आटोपला, त्यात ५७ धावा शार्दूलच्या, ३६ चेंडूंत. अर्धशतक ३१ चेंडूंत, त्या वेळी इंग्लंडमधलं सर्वांत वेगवान कसोटी अर्धशतक. दुसऱ्या डावात ६०. शेवटच्या दिवशी इंग्लंडने शतकी सलामी दिली आणि सामना हातचा जातो की काय असं वाटायला लागलं, तेव्हा बर्न्सला त्याने घालवलं आणि नंतर ज्यो रूटचा त्रिफळा उडवला. ओव्हलवर भारत त्याआधी जिंकला होता तो अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली, १९७१मध्ये. जानेवारी २०२२मध्ये जोहान्सबर्गला एका डावात ६१ धावांत ७ बळी, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीत कुठल्याही भारतीय गोलंदाजाची सर्वोत्तम कामगिरी. सामना भारत हरला, म्हणून ती फारशी कोणाच्या लक्षात नाही.

याच काळात तरुण पोरांनी त्याला "लॉर्ड" म्हणायला सुरुवात केली. त्या नावात कौतुक आहे तशी थट्टाही आहे, आणि त्या थट्टेमागे एक समजूत आहे की शार्दूलला जे मिळतं ते नशिबाने मिळतं. मला ही समजूत मान्य नाही. जमलेली जोडी फोडणारा गोलंदाज नशीबवान वाटतो, कारण तो चेंडू थोडा पुढे, थोडा बाहेर टाकून फलंदाजाला मोह घालतो. त्यात धावाही जातात. महागडा आणि बळी घेणारा, हे दोन्ही एकाच सवयीतून येतं. आपल्याच चेंडूवर चौकार खाऊन तोच चेंडू पुन्हा टाकायला जिगर लागते. मुंबईच्या मैदानी भाषेत अशाला खडूस म्हणतात, आणि तो शब्द तिथे शिवी नाही.

नशिबाने त्याच्यावर उलटेही घाव घातले. २०१९च्या आयपीएल अंतिम सामन्यात चेन्नईला शेवटच्या चेंडूवर २ धावा हव्या होत्या, आणि मलिंगाच्या त्या चेंडूवर पायचीत झाला तो शार्दूल. २०२३च्या विश्वचषकात पुण्याला बांगलादेशविरुद्ध हार्दिक पंड्या जखमी झाला, संघाची घडी बदलावी लागली आणि पुढच्या सामन्यात शार्दूलच्या जागी मोहम्मद शमी आला. शमीने पुढे काय केलं ते सगळ्या देशाने पाहिलं. शार्दूलने ते राखीव खेळाडूंच्या बाकावरून पाहिलं. २०२२च्या लिलावात दिल्लीने त्याच्यावर १० कोटी ७५ लाख लावले होते. नोव्हेंबर २०२४च्या लिलावात त्याचं नाव पुकारलं गेलं आणि कोणीच हात वर केला नाही. मार्च २०२५मध्ये लखनौच्या जखमी मोहसीन खानच्या जागी त्याला बोलावणं आलं, आणि दुसऱ्याच सामन्यात हैदराबादविरुद्ध त्याने ४ बळी घेतले. बाजारभाव आणि खेळ यांचा संबंध किती सैल असतो, हे शाळकरी वाचकांनी या दोन लिलावांच्या मधल्या पानांतून जरूर समजून घ्यावं. चिकूची पाटी वाशीच्या बाजारात पाठवणाऱ्या त्यांच्या वडिलांना ते आधीच माहीत असेल.

आयपीएलने विकत न घेतलेला तो हंगाम शार्दूलने कसा काढला, हे पुस्तकातलं मला सर्वांत आवडलेलं प्रकरण. त्याआधी २०२४च्या रणजी उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध मुंबई ७ बाद १०६ असताना नवव्या क्रमांकावर येऊन त्याने १०९ धावा केल्या होत्या, प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक. आणि ते ठोकल्यावर लगेच, सामन्यांमध्ये तीनच दिवस मोकळे ठेवणाऱ्या वेळापत्रकावर उघड टीका केली होती. जूनमध्ये पायाची शस्त्रक्रिया झाली. जानेवारी २०२५मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात जम्मू-काश्मीरविरुद्ध रोहित आणि यशस्वी जयस्वाल या बड्या नावांसह मुंबई ७ बाद ४७ झाली. शार्दूलच्या ५१. दुसऱ्या डावात ७ बाद १०१, शार्दूलच्या ११९. तरीही मुंबई हरली. पुढच्या सामन्यात मेघालयाविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली आणि पाहुण्यांची अवस्था ६ बाद २ अशी झाली. त्या वर्षी इंग्लंड दौऱ्यासाठी त्याला पुन्हा बोलावलं गेलं, दीड वर्षाच्या खंडानंतर. तिथे दोन कसोटी मिळाल्या, मनात भरण्यासारखं फार काही झालं नाही.

एक किस्सा सगळ्यांनी ऐकलेला आहे, तरी सांगतो. २०१८च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्याहून विमानाने परतल्यावर शार्दूल अंधेरीला गेला आणि लोकल पकडून पालघरला आला. डब्यातल्या कॉलेजच्या मुलांनी मोबाईलवर त्याचे फोटो शोधून ताडून पाहिले आणि मगच सेल्फी मागितले. वर्तमानपत्रांनी याला साधेपणा म्हटलं. या मार्गावरच्या माणसाला त्यात विशेष काही वाटणार नाही. विमानतळावरून पालघरला जायचं तर घोडबंदर-वरसोव्याच्या कोंडीत गाडी घालण्यापेक्षा लोकलच बरी. चाहत्यांनी त्याला "पालघर एक्सप्रेस" नाव दिलं, पण त्या दिवशीची गाडी बहुधा सगळ्या स्टेशनांवर थांबणारी असावी.

लेखकाकडे माझी एक तक्रार आहे. एकदिवसीय आणि टी-२० सामन्यांची जंत्री त्याने इतकी बारकाईने दिली आहे की मधली चाळीस-एक पानं मुलं उलटून टाकतील, आणि टाकावीत. त्याऐवजी चेंडूची शिवण कशी धरायची, आउटस्विंग कशाने होतो, हे दोन आकृत्या काढून सांगितलं असतं तर डहाणूच्या एखाद्या शाळेत पुस्तक वाचून कोणीतरी लगेच मैदानात उतरलं असतं. पुढच्या आवृत्तीत ते व्हावं.

पुस्तक ऑक्टोबर २०२५पाशी थांबतं. रहाणेने कर्णधारपद सोडल्यावर मुंबईने रणजी संघाची सूत्रं शार्दूलकडे दिली. हंगामाचा पहिला सामना श्रीनगरला, त्याच जम्मू-काश्मीरविरुद्ध. मुंबईने तो ३५ धावांनी जिंकला.